धनुष्याच्या मुठीच्या पट्ट्या आणि लाकडाची रेषा: कामाच्या नोंदी

काम असे आहे: ६४ इंच लांबीचे, २८ इंच खेचीला साधारण ३५ पौंड ओढ देणारे अखंड धनुष्य, ज्याच्या भुजा बांबूच्या पट्ट्यांच्या आणि मधली मूठ लाकडाच्या पट्ट्या उभ्या चिकटवून केलेली. खेळाडू ज्याला रायझर म्हणतात तो हा मधला ठोकळा ४५० मिलिमीटर लांब, ४५ रुंद आणि पाठीपासून पोटापर्यंत ६० जाड ठरवला आहे. लक्ष्याकडची बाजू ती पाठ आणि तिरंदाजाकडची ती पोट, असे पुढे सर्वत्र समजावे. भुजांचे काम येथे फारसे लिहिलेले नाही, कारण वेळ आणि पैसा गेला तो मुठीत.

१८ ऑगस्ट २०२४, कुडाळ

वखारीतून पाडलेल्या घराच्या चौकटीचे सागवान आणले. चार फूट लांब, चार बाय तीन इंचाचा तुकडा, म्हणजे एक तृतीयांश घनफूट; १,००० रुपये. मधल्या काळ्या पट्टीसाठी मोडक्या पलंगाचा शिसवीचा चौरस पाय ४०० रुपयांना मिळाला. नवी शिसवी विकत घेण्याच्या भानगडीत न पडता जुने फर्निचर शोधणे स्वस्त पडते आणि लाकूडही मुरलेले मिळते. धामणाचे लाकूड मिळाले असते तर तेच घेतले असते, कारण कावडीच्या दांड्यांना आणि धनुष्यांना ते पूर्वापार वापरले जाते. पण वखारीत होते ते ओले आणि गाठींचे.

ओलावा मोजण्याचे दोन सुयांचे मीटर १,१०० रुपयांना घेतले. हा खर्च अनाठायी वाटत होता. चौकटीचा तुकडा बाहेरून १६ टक्के आणि कापल्यावर आतून १३ टक्के दाखवू लागला, तेव्हा तो वसूल झाला.

२५ ऑगस्ट

सॉ मिलवर पट्ट्या कापून घेतल्या. कापणावळ १५० रुपये. तीन पट्ट्या प्रत्येकी १५ मिलिमीटर जाडीच्या: सागवान, शिसवी, सागवान. करवतीत लाकूड कमी जावे म्हणून तुकडा एकदा फिरवून कापला. त्यामुळे एका सागवानी पट्टीच्या रुंद बाजूवर वाढवलये जवळजवळ सपाट पसरलेली आली, तर दुसरीच्या रुंद बाजूवर ती काठावर उभी राहिलेली आली. त्या वेळी हा फरक केवळ नक्षीचा वाटला.

मेस्त्रीकाकांचा आग्रह असा की मधली शिसवी आडव्या रेषेची, म्हणजे तंतू मुठीला आडवे येतील अशी, लावावी, म्हणजे प्लायवूडसारखी बळकटी येईल. हे पुष्कळांना पटते आणि मलाही क्षणभर पटले होते, म्हणून हिशेब येथे मांडून ठेवतो. प्लायवूडच्या फळीला लांबीत आणि रुंदीत, दोन्हीकडे वाकणे सोसावे लागते. धनुष्याची मूठ मात्र एकाच प्रतलात वाकते. हात मुठीला पुढे रेटतो, दोन्ही टोके दोरीने मागे ओढली जातात, म्हणजे पाठ ताणली जाते आणि पोट दाबले जाते. हा ताण मुठीच्या लांबीत आहे आणि लाकूड तंतूंच्या दिशेने जितके ताणले जाऊ शकते त्याच्या अगदी थोड्या अंशाइतकेच आडवे सोसू शकते. आडवी पट्टी म्हणजे जागा अडवणारी, पण भार न उचलणारी पट्टी.

दुसरे कारण पावसाळ्याचे. सागवान ओल्याचे पूर्ण कोरडे होईपर्यंत वलयांच्या दिशेने सुमारे ५.८ टक्के आणि गाभ्यापासून सालीकडे सुमारे २.५ टक्के आकसते, पण लांबीत नगण्य. शिसवीचे आकडे ५.८ आणि २.७, म्हणजे जवळजवळ तेच. ओलावा १२ वरून १६ टक्क्यांवर गेला, तर ४५० मिलिमीटरची आडव्या रेषेची पट्टी साडेतीन मिलिमीटरपर्यंत लांब व्हायला बघेल आणि तिच्या दोन्ही बाजूंची सागवानी पट्टी जागची हलणार नाही. कोणतेही डिंक-इपॉक्सी असली रस्सीखेच फार काळ धरणार नाही. त्यामुळे आडवी पट्टी रद्द केली. मेस्त्रीकाकांना हिशेब दाखवला. त्यांनी मान हलवली, पण पटल्याचे काही सांगितले नाही.

१ सप्टेंबर

बल्ब लावलेल्या प्लायवूडच्या पेटीत पट्ट्या १२ टक्क्यांपर्यंत सुकवून पहिली मूठ चिकटवली. अराल्डाइट या इपॉक्सीचा १ किलो आणि ८०० ग्रॅमचा जोड डबा, १,७०० रुपये. मिश्रण वजनाने १०० ला ८०. सागवानात नैसर्गिक तेल असते, म्हणून रंधा मारल्यावर लगेच ८० नंबरच्या पॉलिश पेपरने पृष्ठभाग खरवडून आणि ॲसिटोनने पुसून त्याच तासात चिकटवणे आवश्यक आहे. ते केले. सी-क्लॅम्प मात्र ताकद लावून आवळले आणि सांध्यातून इपॉक्सीची धार बाहेर आली. इपॉक्सीच्या सांध्याला पीव्हीए, म्हणजे सुतारकामाच्या पांढऱ्या डिंकासारखा दाब नको असतो. पट्ट्या टेकल्या आणि काठावर बारीक मणी उमटले की थांबावे.

२२ सप्टेंबर

गणपतीमुळे मधले दिवस काम बंद. मूठ पडवीत उघडी राहिली होती. आज बोट फिरवले तेव्हा शिसवी आणि काठावर वलये असलेली सागवानी पट्टी यांच्या सांध्यावर नख अडकण्याइतकी पायरी लागली आणि टोकाला केसाएवढी फट दिसली. दुसरा सांधा, जिथे दोन्ही पट्ट्यांची वलये सारख्या दिशेची होती, तो गुळगुळीत होता. एकाच मुठीत, एकाच दिवशी, एकाच मिश्रणाने केलेल्या दोन सांध्यांत एक टिकला आणि एक नाही, यावरून दोष मिश्रणाचा नसावा.

पुन्हा आकडे. मुठीची जाडी ६० मिलिमीटर. ओलावा चार टक्क्यांनी वाढल्यावर या जाडीत वलयांची दिशा पडली असेल, तर पट्टी सुमारे ०.४५ मिलिमीटर फुगते. गाभा-साल दिशा पडली असेल, तर सुमारे ०.२. शेजारच्या दोन पट्ट्यांमध्ये पाव मिलिमीटरचा हा फरक सांध्याच्या दोन्ही कडांवर जमा होतो. म्हणजे लाकडे दोन जातींची असणे ही अडचण नव्हती. एकाच जातीचे लाकूड दोन दिशांनी कापले जाणे ही होती. सागवान आणि शिसवी हे जोडीदार म्हणून उत्तम आहेत, पण टोकाकडून पाहिल्यावर दोघांची वलये एकाच दिशेला असली पाहिजेत.

२९ सप्टेंबर

ही मूठ धनुष्यात वापरायची नाही हे ठरलेच होते, म्हणून खिडकी, म्हणजे बाण मध्यरेषेजवळून जावा यासाठी मुठीच्या बाजूला घेतलेली खाच, कापून मूठ मुद्दाम मोडून पाहिली. उजव्या हाताने ओढणाऱ्यासाठी बाण मुठीच्या डाव्या अंगाला बसतो, म्हणून खिडकी डावीकडे आणि मध्यरेषेच्या ३ मिलिमीटर पलीकडे. रुंदी ४५ असल्याने २५.५ मिलिमीटर लाकूड जाते आणि १९.५ उरते.

हे कागदावर आधीच काढले असते तर बरेच काही समजले असते. डावी १५ मिलिमीटरची पट्टी खिडकीपाशी पूर्ण तुटते, मधल्या शिसवीचे १०.५ जातात, आणि शिल्लक राहते ती शिसवीची ४.५ मिलिमीटरची खपली आणि उजवीकडची एकच सागवानी पट्टी. तीन पट्ट्यांची मूठ म्हणून जिचे कौतुक होते, ती सर्वांत नाजूक जागी जवळजवळ एका पट्टीची असते. आणि मी उजवीकडे लावलेली पट्टी निवडली होती ती नक्षी चांगली दिसली म्हणून.

पाठ खाली करून मुठीची टोके दोन ठोकळ्यांवर टेकवली आणि लोखंडी चौकटीत मोटारीच्या जॅकने पोटाकडून गळ्यावर, म्हणजे मुठीच्या सर्वांत बारीक भागावर, दाब दिला. बाणाचा कट्टा (ज्यावर बाण टेकतो ती पायरी) आणि खिडकी जिथे मिळतात तो कोपरा मी पटाशीने काटकोनात सोडला होता. चीर तिथूनच सुरू झाली आणि उजव्या पट्टीतून तिरकी धावत पाठीवर बाहेर पडली. फुटलेल्या भागात तंतू स्वच्छ दिसत होते. १२० मिलिमीटर लांबीत ते १५ मिलिमीटर बाजूला सरकले होते, म्हणजे ८ ला १ असा उतार. लाकडाच्या ताकदीचे जे कोष्टक सर्वमान्य आहे त्यानुसार १० ला १ उतारावर वाकण्याची ताकद सुमारे ८१ टक्के उरते आणि ५ ला १ वर ५५ टक्के. त्यात खिडकीने निम्म्याहून जास्त रुंदी खाल्लेली आणि कोपरा धारदार.

मेस्त्रीकाका तुकडे हातात घेऊन म्हणाले, "रेषा भायर गेली काय लाकूड थंयसरच मोडतला." यापेक्षा नेमके मला लिहिता येणार नाही.

१३ ऑक्टोबर

दुसऱ्या मुठीसाठी लाकूड निवडण्याची पद्धत बदलली. ती तपशिलाने लिहितो, कारण फसवणूक येथेच होते.

सागवानाच्या रुंद बाजूवर वलयांची जी डोंगरासारखी नक्षी दिसते, तिच्यावरून तंतूंची दिशा ठरवता येत नाही. ती नक्षी कापण्याच्या कोनावर अवलंबून असते. डोंगराची शिखरे वाकडी असूनही तंतू सरळ असू शकतात आणि नक्षी देखणी सरळ असूनही तंतू तिरके असू शकतात. पाहायच्या त्या सुईने ओरखडल्यासारख्या बारीक गडद रेघा, म्हणजे छिद्रांच्या नळ्या. त्या तंतूंबरोबरच जातात. आणि त्या रुंद बाजूवर पाहून पुरत नाही, शेजारच्या अरुंद बाजूवरही पाहाव्या लागतात. पहिल्या मुठीच्या उजव्या पट्टीत रुंद बाजूवरच्या रेघा सरळ होत्या. उतार मूळ तुकड्याच्या दुसऱ्या बाजूवर दिसला असता.

जिथे रेघा नीट दिसत नाहीत तिथे रंधा मारलेल्या जागेवर फाउंटन पेनच्या शाईचा थेंब टाकला. शाई तंतूंच्या दिशेने लांबट पसरते आणि पेन्सिलीने आखलेल्या रेघेशी तिचा कोन लगेच कळतो. सर्वांत खात्रीचा उपाय मात्र कोयता. तुकड्याच्या टोकाची हातभर लांबी वाया घालवायची तयारी ठेवून ती कोयत्याने फोडली. करवत आपल्याला हवे तिथून जाते, फोड लाकडाला हवे तिथून जाते. फोडलेला पृष्ठभाग पिळलेला निघाला तर तो तुकडा मुठीला घेऊ नये. फळ्या, खुंट्या, काहीही करावे.

वखारीत चौकटीचे आणखी तुकडे उलथेपालथे केले तेव्हा एक असा मिळाला ज्याची फोड टोकापर्यंत सपाट गेली. पुन्हा १,००० रुपये. शिसवीला ही कसोटी लागू पडत नाही, कारण तिची रेषा मुळातच गुंतलेली असते. थराथराने तंतू उलटसुलट झुकतात आणि फोड खडबडीत येते. म्हणून शिसवीवर भार टाकायचाच नाही, ती पातळ आणि शोभेपुरती ठेवायची, असे ठरवले.

२० ऑक्टोबर

मांडणी बदलली. उजवीकडून डावीकडे: सागवान २४, शिसवी ६, सागवान १५, बेरीज तीच ४५. आता खिडकीचा तळ उजव्या पट्टीच्या आतच पडतो. कापल्यावर उरणारे १९.५ मिलिमीटर सगळे एकाच सरळ रेषेच्या लाकडाचे, त्यात सांधा नाही आणि शिसवीची खपलीही नाही. शिसवीची काळी रेघ मध्यावरून सरकते आणि खिडकीपाशी नाहीशी होते, हे काहींना खटकेल. मला खटकले नाही. सुंदर रेघ मध्यावर ठेवण्यासाठी गळ्याशी सांधा आणणे मला परवडणारे नाही.

आणखी एक पर्याय कागदावर तपासून सोडून दिला: २० आणि ५ आणि २०. त्यात खिडकीचा तळ शिसवीच्या सांध्यापासून अवघ्या अर्ध्या मिलिमीटरवर येतो. मरफा (लाकडाची जाड कानस) थोडा कमी चालला तर काळी पातळ साल अर्धवट राहील आणि पहिल्या पावसाळ्यात सुटेल. सांधा एकतर कापात पूर्ण निघून गेला पाहिजे किंवा कापापासून चांगला दूर राहिला पाहिजे.

वलयांची दिशा कोणती, यात मात्र एक ओढाताण आहे. जाडीत गाभा-साल दिशा ठेवली तर मूठ पावसाळ्यात कमी फुगते. परंतु मुठीची दोन्ही टोके पाठीकडे उतरत कागदाइतकी पातळ करायची असतात, आणि त्या मांडणीत वलये पाठीला समांतर पडतात. मग उतार घासताना एकेक वलय पापुद्र्यासारखे उघडे पडते आणि टोकाला नेमका एखादा मऊ थर येऊन त्याचा तुकडा उडतो. उलट, पट्टीची रुंद बाजू वलयांच्या दिशेची घेतली तर उताराच्या टोकावर सर्व वलये काठाने शेजारीशेजारी येतात आणि टोक एकसारखे झिजते. फुगणे थोडे जास्त, पण तिन्ही पट्ट्या सारख्याच फुगणार असतील तर सांध्याला त्याचे काही नाही. म्हणून दुसरी मांडणी घेतली. बोल्टने जोडायच्या, उतरती टोके नसलेल्या मुठीसाठी मी कदाचित पहिली घेतली असती.

१० नोव्हेंबर

दिवाळीनंतर हवा कोरडी झाली. पट्ट्या पेटीत न ठेवताही १२ टक्क्यांवर आल्या. एकाच फळीतून कापलेल्या सागवानी पट्ट्यांवर क्रमाची खूण, पाठीची खूण आणि वरच्या टोकाची खूण खडूने केली. खुणा रंध्याने जातात, म्हणून त्या टोकांवरही केल्या.

प्रत्येक सागवानी पट्टीची गाभ्याकडची बाजू आत, म्हणजे सांध्याकडे वळवली. कारण असे: सपाट वलयांची पट्टी सुकताना सालीकडे खोलगट होते आणि ओलावा घेताना गाभ्याकडे. आपली मूठ कोरड्या हंगामात चिकटते आणि नंतर पावसाळ्यात ओलावा घेते. गाभ्याची बाजू आत असेल तर फुगताना कडा सांध्यावर दाबल्या जातात. बाहेर असेल तर कडा उघडू पाहतात. ज्यांच्या घरी मूठ चिकटवल्यानंतर आणखी कोरडी होणार आहे त्यांनी हे उलटे करावे.

डाव्या पट्टीत १५ ला १ इतका हलका उतार होता. ती उजव्या पट्टीच्या उताराच्या विरुद्ध पडेल अशी टोकाकडून टोकाकडे फिरवली, जेणेकरून एका पट्टीत चीर गेली तर ती दुसरीत सरळ शिरू नये. टोके उलटली तरी गाभ्याची बाजू आतच राहते; बाजू उलटून चालणार नाही. क्लॅम्प या वेळी हलके. पेटीत ४५ अंशांवर रात्रभर.

मूठ मुद्दाम ५० मिलिमीटर जास्त लांब चिकटवली होती. तो तुकडा कापून वेगळा ठेवला.

२४ नोव्हेंबर

उतरती टोके. सागवान मऊपणे झिजले, शिसवीने त्रास दिला. रंधा कोणत्याही दिशेने चालवला तरी गुंतलेल्या रेषेचे ढलपे निघत होते. रंधा बाजूला ठेवून पाठीमागे वाया जाणारी प्लायवूडची पट्टी दुतर्फा टेपने लावली आणि पॉलिश पेपरच्या ठोकळ्याने घासत गेलो. शेवटचे २५ मिलिमीटर अर्ध्या मिलिमीटरहून पातळ. दिव्यासमोर धरल्यावर सागवानातून उजेड दिसतो. टेप ओढून काढू नये; खोबरेल तेलाने डिंक सैल होतो, पण ते तेल सांध्याच्या जागी लागल्यास पुढचे चिकटवणे बिघडेल, म्हणून मी प्लायवूडच घासून संपवले. वेळ गेला, टोक वाचले.

१५ डिसेंबर

बांबूच्या भुजांसह साच्यात सर्व चिकटवून झाले. खिडकी आता कापली. कट्टा आणि खिडकी यांचा कोपरा गोल कानशीने ६ मिलिमीटर त्रिज्येचा ठेवला. बाणाला तिथे काटकोन लागत नाही, लाकडाला मात्र गोलाई लागते. गळा बारीक करण्याचा मोह होतो, कारण जाड गळा हातात ओबडधोबड वाटतो. गळ्याची जाडी पाठीकडून अजिबात कमी केली नाही, सर्व आकार पोटाकडून दिला, म्हणजे ताण सोसणारे पाठीकडचे तंतू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत अखंड राहिले.

भिंतीवरच्या टिलर खांबाला (भुजा सारख्या वाकतात का ते पाहण्याच्या खांबाला) लावून कप्पी आणि दोरीने, बाजूला उभे राहून, थोडे थोडे करत २८ इंचांपर्यंत खेचले. ओढ ३६ पौंड आली. उताराची टोके आणि भुजा यांच्यातील सांधे भिंगाने पाहिले. कुठे पांढरी रेघ नाही. वरच्या भुजेचा उतार किंचित ताठ आहे, तो पोटाकडून घासून काढावा लागेल.

१२ जानेवारी २०२५

बाजूला ठेवलेला ५० मिलिमीटरचा तुकडा झाकणाच्या पिंपात, तळाशी पाणी आणि वर जाळी, असा ठेवला होता. मीटर आज १७ टक्के दाखवते. कॅलिपरने जाडी मोजली: तिन्ही पट्ट्या अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास फुगल्या आहेत, सांध्यावर पायरी नाही, टोकाला फट नाही. पहिल्या मुठीच्या तुटक्या भागालाही शेजारीच ठेवले होते. त्याची फट आता पोस्टकार्डची कड जाईल इतकी उघडली आहे.

खर्च: लाकूड दोन वेळचे मिळून २,४००, कापणावळ दोनदा ३००, इपॉक्सी १,७०० ज्यातले निम्म्याहून अधिक शिल्लक आहे, ॲसिटोन २००, मीटर १,१००. बांबू घरचा, साच्याचे प्लायवूड जुने.

धनुष्याला पीयूचे (पॉलियुरेथेन वार्निशचे) पातळ हात देणे सुरू आहे, टोकांच्या आडव्या कापांना एक हात जास्त. डाव्या हाताने ओढणाऱ्या एका मित्रासाठी दुसरे धनुष्य करायचे आहे. त्याची खिडकी उजवीकडे येईल, म्हणून २४ मिलिमीटरची पट्टी डावीकडे लागेल. त्याच फळीचा उरलेला भाग ४८० मिलिमीटर आहे. त्याचे टोक कोयत्याने फोडून पाहण्याइतकी लांबी त्यात नाही, तेव्हा या वेळी शाईच्या थेंबावर भागवावे लागेल किंवा नवा तुकडा घ्यावा लागेल. मी नवा तुकडा घेणार आहे.